साडेसातचं वजन

काचेच्या कपाटात वरच्या कप्प्यात चष्म्याच्या काचांची एक पेटी होती. तिच्यात खाचा दोनशे सहासष्ट, काचा दोनशे सत्तावन्न. त्याखाली डोळ्याच्या आत बघायचे ऑप्थॅल्मोस्कोप तीन: एक विजेवरचा, एक बॅटरीवरचा आणि एक म्हणजे मधोमध भोक असलेला नुसता आरसा, ज्याला शेजारी कंदील लागायचा. चिमटे अकरा, बारीक कात्र्या सात, मोतीबिंदूच्या सुऱ्या चार, त्यातल्या दोन गंजलेल्या. कापडात गुंडाळलेली बोटभर लांबीची तांब्याची सुई एक. पूर्वी फिरते वैद्य अशाच सुईने पिकलेला मोतीबिंदू डोळ्याच्या आत ढकलून द्यायचे. भिंतीवर तक्ते तीन: मराठी अक्षरांचा, उर्दू अक्षरांचा, आणि शाळेत न गेलेल्यांसाठी तीन दात्यांच्या फणीचा, ज्यात फणीचं तोंड कुठे आहे ते बोटाने दाखवायचं. कोपऱ्यात नजरेचा घेर मोजायचा पेरिमीटर एक, त्याच्या अर्धगोल पट्टीवर धुळीचा थर. टेबलाच्या खणात टोनोमीटर एक, त्याची सुटी वजनं तीन.

ही घाटंजीतल्या डॉक्टर वामन पाठकांची खोली. ते आदल्या दिवाळीनंतर वारले. त्यांची मुलगी सुचित्राताई नागपूरला विमा कंपनीत नोकरीला. खोली तिने एका कृषी केंद्राला भाड्याने दिली होती, आणि त्यांना मे संपायच्या आत ती रिकामी हवी होती. पेरणीच्या आधी बियाणं आणि फवारणीची औषधं लावून घ्यायची होती. यंत्रं भंगारात जाऊ नयेत म्हणून तिने ती यवतमाळच्या आमच्या कॉलेजला द्यायचं ठरवलं. मी तिथे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हंगामी कामावर होते. बी.एस्सी. होऊन एक वर्ष झालं होतं. सरांनी मला मोजदाद करायला पाठवलं.

टोनोमीटर मी पूर्वी पाहिला नव्हता, म्हणून तो आणि वजनं मी संध्याकाळी प्रयोगशाळेत नेली. डोळ्यातला दाब मोजायचं हे यंत्र नॉर्वेतल्या एका डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी बनवलं. त्याआधी डॉक्टर मिटलेल्या पापणीवर दोन बोटं ठेवून डोळा कडक आहे की मऊ, एवढंच सांगू शकत. यंत्र साधं आहे. रोग्याला आडवं झोपवायचं, डोळा बधिर करायचा थेंब टाकायचा आणि बुबुळावर यंत्राचा वाटीसारखा पाय टेकवायचा. पायाच्या मधून एक दांडी खाली येते. डोळा मऊ असेल तर दांडी जास्त रुतते आणि काटा पुढे जातो. कडक असेल तर काटा शून्याजवळच राहतो. मग तक्त्यात बघून दाब काढायचा. निरोगी डोळ्यात तो दहा ते एकवीस असतो. त्याच्या फार वर राहिला की डोळ्याची नस हळूहळू मरते. दुखत नाही. त्याला काचबिंदू म्हणतात, आणि मेलेली नस परत येत नाही.

दांडीचं स्वतःचं वजन साडेपाच ग्रॅम धरलेलं असतं. कडक डोळ्यात एवढ्या वजनाने काटा नीट हलत नाही, म्हणून दांडीवर जास्तीचं वजन चढवायचं. त्या वजनांवर ७.५, १० आणि १५ असे आकडे असतात, पण ते आकडे दांडीसकट एकूण वजनाचे. म्हणजे १० लिहिलेलं वजन प्रत्यक्षात साडेचार ग्रॅम भरायला हवं. ते भरलं. १५ लिहिलेलं साडेनऊ भरायला हवं. तेही भरलं. ७.५ लिहिलेलं दोन ग्रॅम भरायला हवं होतं. ते साडेसात ग्रॅम भरलं.

मी तराजू शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. साडेसात. बाकीची दोन वजनं पोलादी होती, हे पितळी होतं. काम सुबक, आकडा हाताने कोरलेला.

हे वजन चढवलं की दांडी साडेसातची नव्हे, तेरा ग्रॅमची होते. ती जास्त रुतते आणि कडक डोळा मऊ असल्यासारखा दिसतो. मी तक्ते समोर ठेवून हिशेब केला. ज्या डोळ्यातला दाब चाळीस आहे, तो या वजनाने वीसच्या आसपास दिसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीला पोचल्यावर मी यंत्र आणि वजनं खणात परत ठेवली आणि सुचित्राताईला विचारलं, डॉक्टर हे वजन कधी वापरायचे?

"पहिली खेप नुसत्या दांडीने," ती म्हणाली. लहानपणी शाळा सुटल्यावर ती याच खोलीत बसायची. "काटा अगदी शून्याशी राहिला तर हे लावून दुसऱ्यांदा बघायचे आणि दुसरा आकडा खरा धरायचे. म्हणायचे, पहिल्यांदा माणूस घाबरून डोळा आवळतो, त्यामुळे दाब उगाच जास्त येतो. का गं?"

मी सांगितलं. ज्यांचा डोळा चांगला होता त्यांच्यावर हे वजन कधी ठेवलंच गेलं नाही. ते फक्त कडक डोळ्यांवर ठेवलं गेलं.

ती खुर्चीत बसली. "पण बाबा दर सोमवारी यंत्र तपासायचे. त्या डबीतल्या पोलादी गोट्यावर ठेवून. काटा शून्यावर यायचा, मी स्वतः पाहिलंय."

"पोलादात दांडी रुततच नाही, ताई. वर किलोभर वजन ठेवलं तरी काटा शून्यावरच राहील."

"किती वर्षं?"

"वजन कधी केलं त्यावर आहे."

"अठ्ठ्याण्णवला. जुनं मोरीत पडून गेलं तेव्हा. जिनिंगमधल्या कय्युमचाचांनी करून दिलं." मग ती उठली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "प्राची, बाबा गेले. चाचा आता येतील तपासायच्या खुर्चीचे नट खोलायला. त्यांना यातलं काही बोलू नकोस. कोणाचं काय भलं होणार आहे?"

अठ्ठ्याण्णव ते दोन हजार पाच. त्या वजनाखालून किती डोळे गेले, ते मोजायला काही साधन नव्हतं.

कय्युमचाचा दहाच्या सुमारास आले. साठीचे, सडपातळ, खिशात नट खोलायचे पाने. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीत तीस वर्षं फिटर होते. कापसाचे भाव पडले आणि फॅक्टरी बंद झाली, तेव्हापासून फवारणीचे पंप दुरुस्त करत. त्यांच्या मागे त्यांची बायको जैनबबी आली. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं, त्यात कापूस आणि जुनी लुगडी. यंत्रं बांधायला जाड गाद्यांसारख्या पिशव्या शिवून द्यायचं काम सुचित्राताईने तिला दिलं होतं.

दारातून आत येताना तिचा खांदा चौकटीवर आपटला. दोन पावलं पुढे आली तर कपाटाच्या उघड्या दाराला कपाळ लागलं.

"हे झालं सुरू," चाचा म्हणाले. "सुचित्राबाई, तुमच्या फर्निचरची काळजी घ्या. मानूस पडला तं उठते, काच फुटली तं भेटत नाई."

"माह्या डोळ्याले नाव ठेवू नका," जैनबबी खाली बसत म्हणाली. "उजवा गेला तो गेला. डावा जवान आहे." तिने सुई काढली, दोरा ओठात ओला केला आणि एका झटक्यात ओवला. मग सुई चाचांच्या नाकासमोर धरली. "तुमी ओवून दाखवा."

"तेच तं! मोहल्ल्यातले पोट्टे म्हन्तेत, चाचीले सुईचं नेढं दिसते, म्हैस दिसत नाई. मांगल्या बाजारात खरंच म्हशीवर जाऊन धडकली. म्हैसच सॉरी म्हनली."

सुचित्राताई हसली. मी हसू शकले नाही. मधलं बारीक दिसतं आणि बाजूचं दिसत नाही, हे काचबिंदूचं शेवटचं लक्षण मी आदल्याच रात्री वाचलं होतं.

मी पेरिमीटरची धूळ पुसली. "चाची, बसता का इथे? कॉलेजात दाखवायचं आहे, आधी कोणावर तरी करून बघते."

"कर बापा. मी हाय रिकामीच."

पेरिमीटरच्या समोर हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि पट्टीच्या मधल्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. एक पांढरा मोती पट्टीच्या टोकापासून मध्याकडे सरकवत आणायचा. दिसला की सांगायचं. चांगल्या डोळ्याला तो कानाच्या बाजूने नव्वद अंशांवर दिसतो, नाकाच्या बाजूने साठावर. मी मोती नव्वदवर ठेवला आणि सरकवू लागले. सत्तर. पन्नास. तीस.

"अवं, चालू कर ना," जैनबबी म्हणाली. "मान दुखून राह्यली."

"चालू आहे, चाची."

"खोटं नको बोलू. तू हालवूनच नाई राह्यली."

चाचांनी पाना खाली ठेवला. मोती त्यांना दिसत होता. तो तिच्या डोळ्याच्या शेजारून चालला होता. वीस. पंधरा.

"हा! आला आत्ता!"

कानाच्या बाजूने बारा अंश. नाकाच्या बाजूने सात.

"चाची, यवतमाळला मोठ्या दवाखान्यात डोळा दाखवायला हवा. लवकर. आठ दिवसांत."

"कायले? काचबिंदू नाई मले. साहेबानं दर खेपेले वजन ठेवून पायलं. वीस. वीस म्हंजे ठीक, असं खुद्द सांगतलं. उजव्याचंबी वीस होतं. म्हने उजव्याची नस जन्माचीच कमजोर. मी शाळेत गेली असती तं सगळ्यात नापास झाली असती, पन डोळ्यात पास आहे." ती खाली बसून कापूस विंचरायला लागली. "साहेब गेल्यावर आता मी दुसऱ्याले दाखवू? लोक काय म्हन्तीन, साहेबावर भरोसा नव्हता?"

मी सुचित्राताईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी थांबले, तिने काही बोलावं अशी माझी इच्छा होती. तिने फक्त डोकं हलवलं, आणि ते हो होतं की नाही, ते मला कळलं नाही. मी खण उघडून पितळी वजन टेबलावर ठेवलं.

चाचांचा चेहरा उजळला. "अरे! हे तं माह्या हातचं! साहेबानं डबी दाखवली, म्हनले कय्युम, साडेसातचं गेलं, करून दे. लेथवर उतरवलं अन् जिनिंगच्या सँपलच्या काट्यावर तोललं. तो काटा असा का केसबी दाखवे. कापसाच्या धंद्यात, बाई, खोट्या मापानं लोकायनं बंगले बांधले. माह्या हातून एक खोटं माप नाई गेलं. साडेसात म्हंजे साडेसात."

"हो. बरोबर साडेसात आहे. मी तोललं."

"मंग?"

"आधी लहान मुलांचा एक फुगा लागेल," मी म्हणाले. सुचित्राताई काही न विचारता समोरच्या दुकानातून घेऊन आली. मी त्यात पाणी भरलं, तोंड बांधलं आणि वाटीत ठेवलं. त्यावर टोनोमीटर टेकवला. दांडीवर जुनं, कारखान्यातून आलेलं १० चं वजन चढवलं. काटा सहावर गेला.

"आता तुमचं साडेसातचं. दहापेक्षा हलकं. दांडी कमी रुतली पाहिजे, काटा सहाच्या आत राहिला पाहिजे."

चाचांनी स्वतः वजन चढवलं. काटा सहा ओलांडून साडेआठवर गेला.

त्यांनी वजन काढलं, तळहातावर घेतलं. दुसऱ्या तळहातावर १० चं घेतलं. दोन्ही हात वरखाली करून पाहिले. मग म्हणाले, "दहाचं हलकं हाय."

"त्यावरचा आकडा दांडीसकट आहे, चाचा. दांडी आधीच साडेपाचची. तुमचं दोन ग्रॅमचं व्हायला पाहिजे होतं."

"कोनी सांगतलं नाई."

"नाही."

"साहेबाले मालूम असन."

सुचित्राताई म्हणाली, "माहीत असायला हवं होतं, चाचा. त्यांनी तोलून बघायला हवं होतं."

"काय चाललं तुमचं?" जैनबबीने विचारलं. ती आमच्याकडे तोंड करून बसली होती, पण तिची नजर चाचांच्या छातीवरच्या एका बटणावर होती. "दहा का वीस?"

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. "डोळे मीट," ते म्हणाले. तिने मिटले. त्यांनी आपल्या डाव्या डोळ्याच्या मिटल्या पापणीवर दोन बोटं ठेवून हळू दाबली. मग तीच बोटं तिच्या डाव्या पापणीवर ठेवली. परत आपल्या. परत तिच्या. शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टर असंच करायचे. चाचांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

"माहा दबते," ते म्हणाले. "हिचा कंच्यासारखा हाय. पोरं खेळतात तो कंचा."

"हात काढा, बाई मानसं पाहून राह्यली," जैनबबी म्हणाली. कोणी हसलं नाही, तेव्हा तिने डोळे उघडले. "काय झालं?"

"वजन मीच चुकवलं," चाचा म्हणाले. "वीस नव्हतं. तुहं कधीच वीस नव्हतं."

हातातला कापसाचा पेळू तिने पुरता मोकळा केला. मग म्हणाली, "अन् तुमी मले म्हशीवरून हसत होते."

सुचित्राताईने गाडीची किल्ली उचलली.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यांचा विभाग अपघात विभागाच्या पलीकडे होता. त्या बोळातून जाताना दोन्ही बाजूंना जमिनीवर माणसं बसलेली होती. आत त्यांचं कोणी ना कोणी फवारणीचं औषध पिऊन आलेलं. आम्ही रांगेत असताना अपघात विभागातला एक शिकाऊ डॉक्टर धावत आला, नर्सला म्हणाला, "सिस्टर, बॅटरी द्या, आमची गेली." विष प्यायलेल्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, ते बघायला उजेड लागतो. त्या दिवशी तो तीनदा आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांचं यंत्र वेगळं होतं: बसल्याजागी, निळ्या उजेडात, काटा नाही. चाचांनी विचारलं, "म्याडम, हे तपासता का?"

"दर महिन्याला."

"कायनं?"

त्यांनी वर पाहिलं. "त्याची एक दांडी येते, चाचा. ठरलेल्या वजनाची."

"ते वजन कोन तपासते?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी दाब सांगितला: डाव्या डोळ्यात चव्वेचाळीस.

औषधाचे थेंब सुरू केले. पंधरा दिवसांनी दाब चौतीस होता. थेंबांनी याखाली येणार नाही, त्या म्हणाल्या. ऑपरेशन करून डोळ्याच्या आतल्या पाण्याला वाट करून दिली तर येईल. पण नस इतकी थोडी उरली असली की कधी कधी दाब एकदम उतरल्यावर उरलेली नजरही जाते. क्वचित होतं, पण होतं. त्यांनी हे दोनदा सांगितलं, एकदा चाचांना आणि एकदा जैनबबीला.

"थेंबावर किती दिवस दिसन?" जैनबबीने विचारलं.

"वर्षभर. फार तर दीड."

"अन् ऑपरेशननं?"

"टिकलं तर जन्मभर."

चाचा म्हणाले, "थेंबच घालू. वर्षभर तं वर्षभर. मी घालतो हातानं."

"तुमी गप बसा. तुमचा हिशेब झाला आता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, त्यांचा हात शोधून धरत, "वर्षभर मी कंदिलासारखी वात कमी होताना पाहू? करा, म्याडम. सुई ओवून दाखवीन तुमाले."

ऑपरेशन जूनच्या दुसऱ्या बुधवारी झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. मी कॉलेजातून तिथे गेले होते. चाचा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं. ते तिनेच आणायला सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता दाखवला. फणीचं सगळ्यात मोठं तोंड. मग एक मीटरवर येऊन बोटं धरली. मग अर्ध्या मीटरवर. मग तोंडासमोर हात हलवला. मग त्यांनी नर्सकडे बॅटरी मागितली. बॅटरी अपघात विभागात गेली होती. आम्ही थांबलो. जैनबबी सरळ बसून होती, हात मांडीवर.

"कोनी पडदा ओढला का?" तिने विचारलं.

"नाई," चाचा म्हणाले.

बॅटरी आली. डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर आकडे बोलून दाखवले आणि नर्सने ते टिपले.

उजवा डोळा: उजेड कळत नाही. डावा डोळा: बोटं मोजता येत नाहीत, हात हललेला कळत नाही; उजेड कोणत्या बाजूने येतो ते चारपैकी एका बाजूला सांगता येतं. दाब चौदा.